तसाच दुसरा कुत्रा हवा, पण तो मिळेल का?

घरातला कुत्रा गेला की काही आठवड्यांनी अनेक कुटुंबांत नव्या पिल्लाचा विषय निघतो आणि बहुतेक वेळा त्याला एक अट जोडलेली असते : तीच जात, तोच रंग आणि जमल्यास त्याच आईबापांच्या पुढच्या वेतातले पिल्लू. ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे. बुडापेस्टचे संशोधक योजेफ तोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तान्ह्या मुलांची आईवरची माया तपासण्याची पद्धत 1998 मध्ये कुत्र्यांसाठी वापरली, तेव्हा कुत्रे परक्या माणसापेक्षा आपल्या माणसाच्या सोबतीत अधिक निर्धास्त होतात आणि तो परतल्यावर त्याच्याकडेच धावतात, असे दिसून आले. पुढे 2015 मध्ये जपानमधील संशोधकांनी दाखवले की, कुत्रा आणि त्याचा पालक एकमेकांकडे टक लावून पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे मायेच्या नात्याशी जोडलेले संप्रेरक वाढते. असा लळा एका विशिष्ट जिवाशी जडलेला असतो, म्हणून तोच जीव परत मिळावा असे वाटते. जीवशास्त्राने या इच्छेला दिलेले उत्तर स्पष्ट आहे, आणि नवा कुत्रा निवडताना ते आधीच माहीत असलेले बरे.

या इच्छेचे सर्वांत टोकाचे रूप म्हणजे क्लोनिंग, म्हणजेच एका प्राण्याच्या पेशीपासून त्याच जनुकांचा दुसरा प्राणी घडवणे. दक्षिण कोरियातील सोल राष्ट्रीय विद्यापीठात 24 एप्रिल 2005 रोजी ‘स्नपी’ हा जगातला पहिला क्लोन केलेला कुत्रा जन्मला. एका अफगाण हाउंड नराच्या कानाच्या त्वचेतील पेशी घेऊन, केंद्रक काढून टाकलेल्या बीजांडाशी तिचा संयोग घडवण्यात आला होता. कुत्रीचे बीजांड अपक्व अवस्थेतच अंडाशयातून बाहेर पडते आणि बीजवाहिनीत काही दिवसांनी पक्व होते. त्यामुळे योग्य क्षणी पक्व बीजांड मिळवणे फार कठीण जाते. या प्रयोगात 1,095 भ्रूण 123 कुत्र्यांच्या गर्भाशयांत सोडण्यात आले, त्यांतून केवळ 3 गर्भ राहिले. एक गर्भ पडला, एक पिल्लू 22 दिवसांत न्यूमोनियाने दगावले आणि एकटा स्नपी जगला. आज काही देशांत ही सेवा विकत मिळते, परंतु एका लाडक्याच्या आठवणीसाठी इतर कित्येक माद्यांना शस्त्रक्रिया आणि निष्फळ गर्भधारणा सोसाव्या लागतात, ही गोष्ट मला स्वीकारता येत नाही.

एवढे करूनही हाती येते ते जुळे भावंड, तेही काही वर्षांनी उशिरा जन्मलेले. याचा उत्तम पुरावा एका मांजरीने दिला. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात डिसेंबर 2001 मध्ये ‘सीसी’ नावाची जगातली पहिली क्लोन मांजर जन्मली. तिची जनुकदाती ‘रेनबो’ तिरंगी होती, तिच्या अंगावर पांढरा, काळा आणि नारिंगी असे तीनही रंग होते. सीसीच्या अंगावर मात्र नारिंगी रंगाचा एकही ठिपका नव्हता. नारिंगी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र गर्भावस्थेतच निष्क्रिय होते. सीसी ज्या पेशीपासून घडली, त्या पेशीत नारिंगी रंगाचे जनुक असलेले गुणसूत्र आधीच झोपी गेलेले होते. कुत्र्यांच्या अंगावरचे पांढरे पट्टे आणि ठिपकेही असेच बेभरवशाचे असतात. गर्भ वाढत असताना रंगपेशी पाठीच्या कण्याकडून कातडीभर पसरत जातात, त्या कुठवर पोहोचतील हे केवळ जनुकांवर ठरत नाही आणि जिथे त्या पोहोचत नाहीत तिथे केस पांढरे राहतात. जनुके तीच असूनही कपाळावरचा टिळा जागा बदलतो. मग स्वभाव जुळेल अशी अपेक्षा कशाच्या बळावर ठेवायची?

क्लोनिंगच्या वाटेला फारसे कोणी जात नाही, बहुतेक जण जातीवर विसंबतात. ‘आमचा लॅब्रॉडोर फार शांत होता, म्हणून पुन्हा लॅब्रॉडोरच’ हा युक्तिवाद आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. अमेरिकेतील एलिनॉर कार्लसन यांच्या गटाने 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हाच समज तपासला. त्यांनी 18,385 कुत्र्यांच्या पालकांकडून वागणुकीविषयीची माहिती गोळा केली, 2,155 कुत्र्यांचा डीएनए वाचला आणि असा निष्कर्ष काढला की, दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सरासरी सुमारे 9 टक्केच जातीने समजावता येतो. याचा अर्थ स्वभाव आनुवंशिक नसतो असा मुळीच नाही. माणसांत मिसळण्याची आवड बऱ्याच अंशी जनुकांतून येते, पण ती एकाच जातीतल्या दोन कुत्र्यांतही वेगवेगळी असते. माणसाचे ऐकण्याची तयारी या गुणाशी जातीचा संबंध त्यातल्या त्यात अधिक दिसला, तर चिडण्याच्या वृत्तीशी तो अगदीच क्षीण निघाला.

मग जात पाहायचीच नाही का? जरूर पाहावी, मात्र तिच्याकडून जे कळते तेवढ्यासाठीच. आकार, केसांचा दाटपणा, आयुर्मान आणि संभाव्य आजार जातीवरून चांगले सांगता येतात. मोठ्या चणीचे कुत्रे लहान चणीच्या कुत्र्यांपेक्षा लवकर म्हातारे होतात. लॅब्रॉडोर आणि जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याच्या सांध्याचा दोष वारंवार आढळतो, म्हणून पिल्लाच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागण्यात संकोच बाळगू नये. पगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा धापा टाकून अंगातली उष्णता पुरेशी बाहेर टाकू शकत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात त्याची काय अवस्था होत असेल, याचा विचार पिल्लू आणण्यापूर्वी व्हायला हवा. या बाबतीत आपले गावठी कुत्रे, ज्यांना हल्ली ‘इंडी’ म्हणतात, आणि लातूर परिसरात जोपासले गेलेले कारवान हे इथल्या हवामानात मुरलेले प्राणी आहेत, आणि शहरी घरांनी त्यांचा विचार अधिक करावा असे मला मनापासून वाटते.

जनुकांच्या खालोखाल, काही बाबतींत त्यांच्याइतकेच, महत्त्व पहिल्या काही आठवड्यांना आहे. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षे पिल्लांचा अभ्यास केला आणि साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ सामाजिक जडणघडणीचा असल्याचे दाखवले. तिथल्याच 1961 च्या एका प्रयोगात पिल्लांना उंच कुंपणाच्या मैदानात माणसांच्या संपर्काविना वाढवून, वेगवेगळ्या वयांत एकेक आठवडा माणसांत आणले गेले. चौदाव्या आठवड्यापर्यंत ज्यांना माणसाचा स्पर्शच लाभला नव्हता, ती पिल्ले नंतर माणसाला बिचकतच राहिली. म्हणून ब्रीडरकडे गेल्यावर पिल्लाच्या रंगाआधी ते कुठे वाढते आहे हे पाहावे. घरातल्या माणसांच्या वावरात, मिक्सरच्या आवाजात, मुलांच्या पायांत घुटमळत वाढलेले पिल्लू आणि गच्चीवरच्या पिंजऱ्यात वाढलेले पिल्लू, दोघेही एकाच आईची असली तरी, तुमच्या दारात दोन वेगळे स्वभाव घेऊन येतात. त्याची आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकणे आपल्या देशात 2017 च्या नियमांनुसार निषिद्ध आहे, आणि त्यामागे हेच शास्त्र आहे.

पिल्लाला उताणे धरून किंवा टाळी वाजवून त्याचा भावी स्वभाव ओळखण्याच्या चाचण्या लोकप्रिय असल्या, तरी त्यांच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. व्हिएन्नातील संशोधकांनी बॉर्डर कॉली जातीच्या पिल्लांची जन्मानंतर लगेच, सहा-सात आठवड्यांची असताना आणि मोठेपणी अशी तपासणी केली, तेव्हा नवी जागा हुंगत धुंडाळण्याची वृत्ती वगळता लहानपणच्या वागण्यावरून मोठेपणचे फारसे काही सांगता आले नाही.

घरात दुसरा कुत्रा आधीपासून असेल तर त्याचाही विचार करायला हवा. इटलीतील 426 पालकांच्या 2022 च्या पाहणीत, सोबतचा कुत्रा गेल्यावर मागे राहिलेल्या कुत्र्याच्या वागण्यात प्रतिकूल बदल झाल्याचे बहुसंख्यांनी सांगितले : खेळणे व खाणे कमी झाले, झोप वाढली, माणसाला चिकटून राहणे वाढले. अशा कुत्र्याच्या अंगावर दंगेखोर पिल्लू सोडण्याआधी त्याची दिनचर्या सावरू द्यावी आणि दोघांची पहिली भेट घराबाहेर, मोकळ्या जागेत घडवावी.

यानंतर घराची तपासणी, आणि इथे बहुतेकांची गफलत होते. पहिला कुत्रा कशाने गेला, हे नव्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे असते. तो गोचिडतापाने गेला असेल, तर गोचिडी अजून घरातच असण्याची शक्यता आहे. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते, भिंतीवर चढते आणि चौकटीच्या फटीत, स्कर्टिंगच्या मागे हजारो अंडी घालते. वाढ झालेली गोचीड कित्येक महिने उपाशी राहून यजमानाची वाट पाहू शकते. म्हणून पलंगाखाली आणि खिडक्यांच्या कडांवर टॉर्च मारून पाहावे, गरज पडल्यास कीटकनाशक फवारणी करून घ्यावी आणि जुने अंथरूण पुन्हा वापरू नये.

पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराचा विषाणू याहून चिवट असतो. तो जमिनीवर आणि मातीत महिनोन्महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनाइलला दाद देत नाही. त्याला घालवण्यासाठी फरशी आधी स्वच्छ धुऊन मग पातळ केलेले ब्लीच वापरावे लागते, आणि बागेतल्या मातीला तेही पुरे पडत नाही. शिवाय आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे लशीलाही निष्प्रभ करतात. ती ओसरण्याची वेळ प्रत्येक पिल्लात वेगळी असल्यामुळे लशीचे डोस सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत किंवा त्यापुढेही पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. पार्व्होने पिल्लू गेलेल्या घरात दुसरे लहान पिल्लू आणण्याची घाई म्हणूनच करू नये. तिथे लसीकरण पूर्ण झालेला, एक-दोन वर्षांचा प्रौढ कुत्रा आणणे कितीतरी सुरक्षित आहे. निवारागृहांत असे कुत्रे मोठ्या संख्येने असतात, त्यांची उंची, केस आणि स्वभावाचा बराचसा भाग समोर दिसत असतो, आणि दोन-चार वेळा जाऊन, त्याला फिरायला नेऊन, त्याची देखभाल करणाऱ्यांशी बोलून मग निर्णय घेता येतो.