दे येर, येरार्ड

(२ ऑक्टोबर १८५८ – जुलै १९४३). स्वीडिश भूवैज्ञानिक. तलावाच्या तळाशी साचलेल्या गाळाचे थर मोजून भूतकाळाला प्रत्यक्ष वर्षांचे माप लावण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. जन्म स्टॉकहोमचा, घराणे उमरावांचे. वडील लुई दे येर हे स्वीडनचे पहिले पंतप्रधान. येरार्ड स्वतःही काही काळ संसदेत होते, पण त्यांचे मन रमले ते चिखलमातीत.

वितळत्या हिमचादरीपुढच्या पाण्यात उन्हाळ्यात फिकट, जाडसर गाळ बसतो आणि हिवाळ्यात पाणी गोठून शांत झाले की बारीक, काळपट चिकणमाती. ही जोडी म्हणजे एक वर्ष. तिला ‘व्हार्व’ म्हणतात. बर्फाची कड उत्तरेकडे सरकत गेली, तसा दरवर्षीचा नवा थर आधीच्या थरावर थोडा पुढे सरकून बसला, कौलांसारखा. प्रत्येक वर्षाची जाडी वेगळी असल्याने एका खाणीतला क्रम शेजारच्या खाणीतल्या क्रमाशी जुळवता येतो. १९०५ मध्ये स्टॉकहोम व उप्साला येथील विद्यार्थ्यांच्या तुकड्या कामाला लावून दे येर यांनी सुमारे २०० किमी. पट्ट्यात ही जुळणी केली. बर्फ कोणत्या वर्षी किती मागे हटला, हे त्यामुळे सांगता येऊ लागले.

अडचण होती ती ही मोजणी वर्तमानाशी जोडण्याची. तिथे एका जुन्या दुर्घटनेचा उपयोग झाला. लाकूड वाहून नेताना धबधबा टाळावा म्हणून खोदलेला कालवा १७९६ मध्ये फुटला आणि स्वीडनमधला रागुंदा तलाव एका रात्रीत रिकामा झाला. तलाव रिकामा झाल्याचे वर्ष ठाऊक असल्याने त्याच्या उघड्या पडलेल्या तळातील थर दे येर यांनी तिथून मागे मोजले. पुढे त्यांचे सहकारी राग्नार लिदेन यांनी ओंगेर्मान नदीच्या खोऱ्यात हा दुवा अधिक भक्कम केला.

१८९७ ते १९२४ दे येर स्टॉकहोमला प्राध्यापक होते. १९१० च्या आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेत त्यांनी गेल्या १२,००० वर्षांची कालगणना मांडली. आर्क्टिकमधील स्पिट्सबर्गेन बेटाच्या मोहिमा आणि हिमयुगानंतर उचलल्या गेलेल्या स्कँडिनेव्हियन भूमीचे नकाशे हे कामही मोठे आहे. १९२० मध्ये त्यांना भूविज्ञानातील मानाचे वॉलस्टन पदक मिळाले.

त्याच वर्षी पत्नी एब्बा हुल्ट दे येर, लिदेन आणि भूवैज्ञानिक एर्न्स्ट आंतेव्ह्स यांच्यासह ते उत्तर अमेरिकेला गेले. तिथले थर स्वीडनच्या थरांशी वर्षागणिक जुळतात, असा त्यांचा दावा होता. तो टिकला नाही. महासागरापलीकडचे हवामान इतके एकसारखे चालत नाही. स्वीडनमधल्या मूळ मोजणीतही काहीशे वर्षे निसटल्याचे नंतर दिसले. पद्धत मात्र खरी ठरली. आंतेव्ह्स अमेरिकेतच राहिले आणि त्यांनी तिथल्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागातील थरांची स्वतंत्र मालिका तयार केली.