लेकॉक पॅरिशमधल्या लिस्टेड इमारती

लेकॉक हे इंग्लंडच्या विल्टशायर काउंटीतलं छोटंसं गाव, चिपनहॅमच्या दक्षिणेला साधारण ५ किलोमीटरवर, एव्हन नदीच्या काठी. हे गाव आणि आजूबाजूच्या रेब्रिज, बोडन हिल वगैरे वाड्या मिळून लेकॉकची सिव्हिल पॅरिश होते. पॅरिश म्हटलं की आपल्याला वसई नाहीतर गोव्यातलं चर्चचं पॅरिश आठवतं, पण हे ते नाही, १८९४ च्या कायद्यापासून सिव्हिल पॅरिश म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत, फक्त अधिकार फारच कमी.

तिकडे जुन्या इमारतींची सरकारी यादी असते, यादीत आली की ती 'लिस्टेड'. ही पद्धत नीट बसली १९४७ च्या नगररचना कायद्याने, आता १९९० चा कायदा चालतो. ग्रेड एकूण तीन आहेत, सगळ्यात वरचा १, मग २-स्टार आणि मग २, त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त नोंदी ग्रेड २ च्याच. मुंबईत १९९५ ला हेरिटेज नियमावली आली तिच्यातही ग्रेड आहेतच. १७०० च्या आधीचं जे काही बऱ्यापैकी मूळ रूपात उभं आहे ते जवळजवळ सगळंच यादीत येतं, म्हणून लेकॉकसारख्या गावात जिकडे बघाल तिकडे लिस्टेड. लिस्टेड म्हणजे हात लावायचा नाही असं मात्र नाही हां. बदल करता येतो, पण इमारतीचं रूप बदलणारं काहीही असलं, अगदी आतलं काम असलं तरी कौन्सिलची, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते, आणि न विचारता केलं तर तो फौजदारी गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आवारातली भिंत किंवा शेड जुलै १९४८ च्या आधीपासून तिथे असेल तर बहुतेक वेळा तीही त्याच नियमात अडकते.

लेकॉकमधली सगळ्यात मोठी नोंद अर्थातच लेकॉक ॲबी, ग्रेड १. सॅलिसबरीची काउंटेस एला हिने नवरा गेल्यावर १२३२ मधे हा नन्सचा मठ उभा केला आणि पुढे स्वतःच तिथली पहिली मठप्रमुख झाली. आठव्या हेन्रीने मठ बंद करायचा सपाटा लावला त्यात १५३९ ला हाही गेला, आणि विल्यम शेरिंग्टन नावाच्या गृहस्थाने तो विकत घेऊन मठाचं चर्च सरळ पाडलं, बाकीच्याचं राहतं घर केलं, एक अष्टकोनी मनोरा चढवला. आजच्या कायद्यात हे केलं असतं तर आत गेला असता. तसा तो गेलाच म्हणा, पण ब्रिस्टलच्या टांकसाळीतल्या घोटाळ्यासाठी, नंतर माफीही मिळाली. चर्च पाडलं तरी दगडी कमानींचा चौक त्याने तसाच ठेवला, आज लोक बघायला येतात तो मुख्यतः हाच.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे दक्षिणेकडच्या गॅलरीतली जाळीदार खिडकी. ऑगस्ट १८३५ मधे घराचा मालक विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने छोट्या लाकडी कॅमेऱ्यातून तिचा निगेटिव्ह काढला, कॅमेऱ्याने काढलेला शिल्लक राहिलेला सगळ्यात जुना निगेटिव्ह तो हाच. आकार अगदीच चिमुकला, तरी टॅलबटने बाजूला लिहून ठेवलंय की काढला तेव्हा भिंगातून बघितलं तर खिडकीच्या सुमारे २०० काचा मोजता येत होत्या.

गाव म्हणजे चार रस्त्यांचा एक चौकोन. सेंट सिरियाक चर्चही ग्रेड १, पण चालू चर्चला कौन्सिलच्या परवानगीतून बरीच सूट असते, तिथे चर्चची स्वतःची परवानगी-यंत्रणा चालते. चर्च स्ट्रीटवर एका घराच्या भिंतीत बाकदार लाकडी खांबांची जोडी जमिनीपासून आढ्यापर्यंत उघडी दिसते, घराचं अख्खं छप्पर तिच्यावर पेललेलं, मध्ययुगीन सुतारकाम बघायला ॲबीच्या तिकिटाचीही गरज नाही. जॉर्ज इन या जुन्या पबमधे शेकोटीजवळ अजून ते चाक आहे ज्यात कुत्रा पळवून मांस भाजायची सळई फिरवायचे. आणि चौदाव्या शतकातल्या धान्याच्या कोठाराला लागून एक बिनखिडकीची घुमटी आहे, दारुड्यांना रात्रभर कोंडायची.

एवढं सगळं एकाच गावात टिकलं कसं? मला विचाराल तर कायद्यापेक्षा मालकीमुळे जास्त. शेरिंग्टनपासून ॲबी आणि तिची इस्टेट वारसाहक्काने एकाच घराण्यात राहिली, गाव तुकड्यातुकड्याने विकलंच गेलं नाही. शेवटी फॉक्स टॅलबटची नात मटिल्डा टॅलबट हिने १९४४ मधे ॲबी आणि जवळपास अख्खं गाव नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं, म्हणजे लिस्टिंगचा कायदा नीट यायच्याही आधी. आता बहुतेक घरांत ट्रस्टचे भाडेकरू राहतात, आणि छपरांवर अँटेना दिसत नाहीत, डोक्यावर वायरी नाहीत, त्यामुळे जुन्या काळातल्या मालिका-सिनेमांची शूटिंग सारखी चालू असतात.