कारमधलं नेव्हिगेशन : गाडीत बसवलेलं आणि सुटं (कोल्हापूर परिसराच्या संदर्भात)

उपग्रहांच्या सिग्नलवरून गाडी कुठं आहे ते काढायचं, नकाशावर दाखवायचं आणि वळणं बोलून सांगायची, या सोयीला सगळे नुसतं जीपीएस किंवा मॅप म्हणतात. ती दोन तऱ्हेनं मिळते. एक म्हणजे कंपनीनंच डॅशबोर्डात बसवून दिलेली स्क्रीन, दुसरी म्हणजे काचेला सक्शन कपनं चिकटवायचं सुटं यंत्र. स्मार्टफोनला काही जण तिसरा प्रकार मानतात, पण ॲन्टेना, बॅटरी आणि नकाशा गाडीबाहेरच्या वस्तूत आहे एवढं पाहिलं तर तो सुट्यातच धरणं बरोबर वाटतं, इथं तसंच केलंय. नंतर बाजारातून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ दिसायला पहिल्या गटातला असला तरी बहुतेक वेळा त्याला चाकांच्या सेन्सरची माहिती मिळत नाही, त्यामुळं कामाच्या दृष्टीनं तोही सुट्याच्याच जवळचा.

पहिलं कार नेव्हिगेशन कुठलं यावर एकमत नाही आणि वाद मुख्यतः व्याख्येचा आहे. नुसता सरकणारा नकाशा चालत असेल तर १९०९ च्या सुमारास अमेरिकेत आलेल्या जोन्स लाइव्ह-मॅपपर्यंत मागं जाता येतं, त्यात कागदी तबकडी चाकाच्या फिरण्याबरोबर पुढं सरकायची. पण गाडी वळली हे त्या तबकडीला कळत नसे, म्हणून बरेच अभ्यासक तिला धरत नाहीत. १९८१ मध्ये होंडानं अल्पाइन कंपनीच्या साथीनं जपानमध्ये इलेक्ट्रो जायरोकेटर आणलं. त्यात हेलियम वायूच्या प्रवाहावर चालणारा जायरो वळण ओळखायचा, चाकांवरून अंतर मोजलं जायचं आणि छोट्या पडद्यासमोर पारदर्शक फिल्मवर छापलेला नकाशा हातानं सरकवावा लागायचा, उपग्रहाचा संबंधच नव्हता. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेनं २०१७ मध्ये त्याला ऐतिहासिक टप्पा म्हणून मान्यता दिली, त्यामुळं हल्ली हेच मत जास्त मान्य दिसतं. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात इटॅक नेव्हिगेटर आला, तो डिजिटल नकाशा कॅसेटच्या टेपवर ठेवायचा आणि गाडीचा अंदाज रस्त्याशी जुळवून चूक दुरुस्त करायचा, ही जुळवणी आजही प्रत्येक ॲपच्या पोटात आहे. १९८७ मध्ये टोयोटानं सीडीवरचा नकाशा आणला. उपग्रह हीच अट धरली तर मान १९९० कडं जातो, आणि तिथंही दोन दावेदार आहेत : माझदाच्या युनॉस कॉस्मोत कारखान्यातूनच बसवून आलेलं जीपीएस आणि त्याच वर्षी पायोनियरनं वेगळं विकायला काढलेलं यंत्र. बसवलेलं की बाहेरून घेतलेलं हा प्रश्न म्हणजे उपग्रह नेव्हिगेशनच्या पहिल्या वर्षापासूनचाच आहे.

या वंशावळीचा आजच्या निवडीशी थेट संबंध आहे म्हणून ती एवढी सांगावी लागते. गाडीत बसवलेलं नेव्हिगेशन जायरो आणि चाकांच्या मोजणीतून वाढलं, उपग्रह त्याला नंतर जोडला गेला. सुटं यंत्र मात्र पहिल्यापासून उपग्रहावरच जगतं. अमेरिकेचा जीपीएस प्रकल्प १९७३ चा, पहिला उपग्रह १९७८ चा आणि पूर्ण क्षमता १९९५ ची, पण सामान्य लोकांना मिळणाऱ्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची आणि जागा शंभरेक मीटरपर्यंत इकडं तिकडं दाखवली जायची. १९९८ मध्ये गार्मिनचं स्ट्रीटपायलट हे सुटं यंत्र आलं ते याच काळात. मे २००० मध्ये अमेरिकेनं ती मिसळ बंद केली आणि मग स्वस्त सुटं यंत्र रस्ता ओळखण्याइतकं भरवशाचं झालं, २००४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या टॉमटॉमचं गो बाजारात आलं. २००९ च्या शेवटी गूगलनं अमेरिकेत फोनवर फुकट वळणदर्शन दिलं आणि सुट्या यंत्रांचा धंदा उतरणीला लागला. भारतात मॅपमायइंडिया आणि हैदराबादचं सॅटगाइड यांची यंत्रं त्याआधीच मिळत होती, आता त्यांची जागा फोननं घेतलीय.

जागा काढायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात. ते सुमारे २०,२०० किमी उंचीवर फिरतात, त्यांचा संदेश सेकंदाला फक्त ५० बिट एवढ्या संथ गतीनं येतो आणि सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक पूर्ण उतरवायला साडेबारा मिनिटं लागतात. बरेच दिवस बंद असलेलं यंत्र सुरुवातीला घोळ घालतं ते बऱ्याचदा याचमुळं. फोन ही माहिती मोबाइल नेटवर्कवरून उचलतो म्हणून तो लगेच जागा दाखवतो. नेट गेलं की जीपीएस गेलं असा समज मात्र चुकीचा आहे, सिग्नल उपग्रहाकडून येतो, नेट लागतं ते नकाशा आणि ट्रॅफिकसाठी, म्हणून निघण्याआधी घरी वायफायवर नकाशा उतरवून ठेवला तर आंबा घाटात रेंज नसतानाही बाण चालत राहतो.

उघड्या आकाशाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. ऐकायला हे भारी वाटतं पण पुणे-बंगळूर महामार्गावर शिरोली, उचगाव, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड एकमेकांना लागून आहेत, आणि पाच मीटरमध्ये आपण यातल्या कुठल्या रस्त्यावर आहोत हे नुसत्या उपग्रहावरून ठामपणे सांगता येत नाही. घाटात अडचण वेगळी, डोंगराच्या कड्यानं अर्धं आकाश झाकतं आणि कातळावर आपटून आलेला सिग्नल लांबून आल्यासारखा वाटतो, त्यामुळं वळणावळणाच्या करूळ घाटात बाण कधी वरच्या तर कधी खालच्या पट्टीवर उडी मारतो. अशा ठिकाणी बसवलेलं नेव्हिगेशन सरस ठरतं, कारण चाकं किती फिरली आणि गाडी किती वळली हे त्याला आतूनच कळतं. कोल्हापूरहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, त्या बोगद्यात सुटं यंत्र मागच्या वेगावरून अंदाज बांधतं, म्हणजे आत ट्रॅफिक तुंबलं तरी बाण पुढं निघून जाऊ शकतो, बसवलेलं मात्र गाडीबरोबरच थांबतं. जागा ओळखण्याच्या बाबतीत बसवलेलं सरस आहे आणि यात फारसा वाद राहिलेला नाही.

वाद आहे तो नकाशाचा, आणि कोल्हापुरात निवड ठरते ती इथं. बसवलेल्या सिस्टीमचा नकाशा एसडी कार्डावर किंवा आतल्या मेमरीत असतो आणि तो नवा करायला सर्व्हिस सेंटर किंवा पैसे भरून अपडेट लागतो, काही वर्षांनी बरेच मालक ते सोडून देतात. पुणे-बंगळूर रस्त्याचा नंबर ४ चा ४८ झाला तरी जुन्या नकाशात तो चारच राहतो, त्यानं गाडी अडत नाही. अडते ती रस्ता बंद असल्यावर. २०२४ मध्ये गगनबावड्याकडून वैभववाडीला उतरणारा करूळ घाट काँक्रीटच्या कामासाठी दीर्घकाळ बंद होता आणि वाहतूक भुईबावडा, फोंडा अशी वळवली होती, कार्डावरच्या नकाशाला हे कळायचा मार्गच नाही. रत्नागिरी रस्त्याच्या चौपदरीकरणातही तात्पुरते वळणरस्ते आणि नवे फाटे होत राहिले.

पावसाळ्याचं तर आणखी वेगळं आहे. या जिल्ह्यानं ज्या बंधाऱ्याला आपलं नाव दिलं तो कोल्हापूर पद्धतीचा बंधारा दगडी खांबांचा असतो, पावसाळा संपता संपता खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात, आणि त्यातल्या बऱ्याच बंधाऱ्यांच्या माथ्यावरून गावाचा रस्ता जातो. उन्हाळ्यात तो सगळ्यात जवळचा रस्ता असतो, नकाशात पूल म्हणूनच दिसतो आणि यंत्र अंतर मोजून तोच सुचवतं. जुलैत तो पाण्याखाली असतो. कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि पंचगंगेची पातळी तिथंच मोजतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आकडे जिल्ह्यात लहान पोरांनाही माहीत असतात. गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीला आणि रत्नागिरी रस्त्यावर केर्लीला पाणी येतं, आणि ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरात तर शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. नेटवर चालणाऱ्या नकाशात लोकांनी किंवा प्रशासनानं कळवलेला बंद रस्ता येऊ शकतो, तोही लगेच येईलच असं नाही. रात्रीच्या वेळी खेडेगावच्या रस्त्यावर गाड्याच नसल्या तर रस्ता मोकळा की बंद हे ॲपला रहदारीवरून ओळखता येत नाही. पाण्यातून जाणारा रस्ता कुठलंही यंत्र दाखवत असलं तरी गाडी थांबवून गावातल्या माणसाला विचारायचं, ही गोष्ट आम्ही जीव तोडून सांगतो, कारण बंधाऱ्याच्या कडेला कठडा नसतो आणि गढूळ पाण्याखाली रस्त्याची धार दिसत नाही.

शहरात मुद्दा पत्ता शोधण्याचा. कागदोपत्री ताराराणी चौक असला तरी कावळा नाका म्हटल्याशिवाय कुणाला कळत नाही, राजारामपुरीत गल्लीच्या नंबरावर पत्ता चालतो, आणि मिरजकर तिकटी किंवा गंगावेश हे पत्त्याचंच काम करतात. अशी बोलीतली नावं फोनच्या ॲपमध्ये वापरणाऱ्यांनी भरलेली असतात, बसवलेल्या सिस्टीमला बऱ्याचदा अधिकृत नाव स्पेलिंगसकट द्यावं लागतं. ज्योतिबाच्या डोंगरावरच्या गावाचं सरकारी नाव वाडी रत्नागिरी आहे, तिथं पन्हाळा तालुका बघून खात्री करावी, नुसतं रत्नागिरी निवडलं तर गाडी कोकणात निघते. चैत्र यात्रेत आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती वाहतूक वळवतात, त्या दिवसांत पोलीस सांगतील तोच मार्ग.

बसवण्याची बाजू थोडक्यात. सुट्या यंत्राला काचेतून आकाश दिसावं लागतं आणि धातूचा थर असलेल्या फिल्ममधून सिग्नल कमी येतो, काचेवरच्या फिल्मवर सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये निर्बंध घातले तरी जुन्या गाड्यांत ती दिसते. एप्रिल-मेच्या उन्हात डॅशबोर्डावर ठेवलेला फोन तापून बंद पडतो, म्हणून तो एसीच्या जाळीपाशी लावतात. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त मार्ग बघण्यासाठी आणि लक्ष विचलित होणार नाही अशा तऱ्हेनं वापरता येतं, स्टँडला लावून पत्ता आधीच टाकलेला असावा. बसवलेल्या स्क्रीनला हा त्रास नाही, चोरीची भीतीही कमी, पण तिचं आयुष्य गाडीएवढं आणि नकाशाचं त्याहून कमी. जानेवारी २०२२ मध्ये होंडाच्या काही जुन्या गाड्यांतल्या नेव्हिगेशनचं घड्याळ २००२ सालात गेलं होतं, जीपीएसमधली आठवड्यांची मोजणी १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते त्यातून हे घडलं असं साधारण मानतात.

फोन गाडीच्या स्क्रीनला जोडणाऱ्या अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले या सोयी २०१४ मध्ये जाहीर झाल्या आणि दोन्ही प्रकारांतली भिंत बरीच पातळ झाली. नकाशा फोनचा, स्क्रीन गाडीची, आणि काही गाड्यांत चाकांच्या सेन्सरची माहितीही फोनला मिळते. कोल्हापूरहून घाट उतरून कोकणात नेहमी जाणाऱ्यानं गाडी घेताना नकाशासह महागड्या व्हेरियंटसाठी जास्त पैसे घालण्यापेक्षा ही जोडणी असलेली स्क्रीन घ्यावी आणि जिल्ह्याचा व तळकोकणाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा, हे मत आम्हाला जास्त पटतं. रोज पुणे-बंगळूर धावणाऱ्यानं मात्र बसवलेल्याचा विचार जरूर करावा, बोगदे आणि सर्व्हिस रोड त्याच्याच वाट्याला येतात.

भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा नाविक. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सुटला, सात उपग्रहांनंतर २०१६ मध्ये तिला हे नाव मिळालं आणि मे २०२३ च्या एनव्हीएस-०१ पासून जीपीएसच्या नेहमीच्या एल-१ या रेडिओ लहरींच्या पट्ट्यातही तिचा सिग्नल येऊ लागला. त्याआधीच्या उपग्रहांना वेगळ्या पट्ट्याची चिप लागते, ती काही नव्या फोनांत असते, जुन्या बसवलेल्या सिस्टीमना तिचा उपयोग नाही.