नसबंदी झालीये, मग आता पाळी येणार का?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पार्किंगमधे चिंगी नावाची एक कुत्री आहे, देशी, कानाला छोटा कट, म्हणजे ऑपरेशन झालेली. गणपतीच्या आधी वॉचमनकाकूंनी विचारलं, "हिची नसबंदी झालीये, पण पाळी तर येतच असेल ना?" प्रश्न एकदम बरोबर आहे. बाईच्या नसबंदीत फक्त नळ्या बंद करतात, अंडाशय जागच्या जागी, त्यामुळे पाळी चालूच राहते. कुत्रीच्या ऑपरेशनला शब्द तोच वापरतो आपण, पण तिची दोन्ही अंडाशयं आणि बहुतेक वेळा गर्भपिशवीसुद्धा काढतात. घोळ सगळा त्या शब्दाचा.

आणि खरं तर कुत्रीला पाळी येतच नाही. बाईला गर्भ राहिला नाही की पिशवीचं अस्तर गळतं, ते रक्त. कुत्रीचं उलट, इस्ट्रोजेन हे हॉर्मोन वाढलं की पिशवीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, झिरपतात, म्हणजे रक्त आधी आणि माज नंतर. साधारण ९ दिवस रक्त, मग ते फिकट होतं आणि पुढचे साधारण ९ दिवस ती शेपटी बाजूला घेऊन कुत्र्याला जवळ येऊ देते (लोकांना वाटतं रक्त थांबलं, सुटलो, आणि नेमकी तेव्हाच गेट उघडं राहतं). त्यानंतर दोनेक महिने प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणाचं हॉर्मोन वाढलेलं असतं, गर्भ राहो न राहो, म्हणून काही कुत्र्या पिल्लं नसताना दूध आणतात आणि चप्पल कुशीत घेऊन बसतात. मग चार-पाच महिने सगळं शांत. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा भाद्रपद तर सगळ्यांना माहितीच आहे, त्यात ६३ दिवस मिळवा, दिवाळीच्या आगेमागे गाड्यांखाली पिल्लं का दिसतात ते कळेल.

हे सगळं मेंदूच्या हुकमावर अंडाशय करतं, पिशवी नुसती साथीला. युरोपात बरेच डॉक्टर फक्त अंडाशयं काढतात, पिशवी आतच, तरी हीट (म्हणजे माज) कायमची बंद. उलट नुसती पिशवी काढली तर रक्त जवळजवळ दिसणार नाही, पण कुत्रे दारात येणारच.

बहिणीच्या लॅब्राचं जवळपास असंच झालं. ऑपरेशनला दीड वर्ष झालेलं आणि अचानक मागे सूज, रक्ताचा थेंब नाही, पण सोसायटीच्या गेटवर चार कुत्रे मुक्कामाला. तिला वाटलं हिला इन्फेक्शन झालंय. डॉक्टरांनी स्वॅब घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितला, पेशी हीटमधल्या कुत्रीच्या असतात तशाच. अंडाशयाचा तुकडा आत राहिला होता. उजवं अंडाशय किडनीपाशी जास्त वर आणि खोल असतं, नीट ओढून बाहेर घेतलं नाही तर कण राहतो आणि तेवढा कणही हॉर्मोन बनवायला पुरतो. परत टेबलवर घ्यावं लागलं बिचारीला, चिडचिड झाली ती वेगळीच.

हीट चालू असताना ऑपरेशन शक्यतो टाळतात कारण रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, दोन-तीन महिने थांबायला सांगतात. घाईने केलंच तर काही दिवस कुत्रे मागे लागतातच, वास लगेच जात नाही. नंतर वजन वाढतं, खाणं कमी करावं लागतं, आणि काहींना, विशेषतः मोठ्या जातींच्या कुत्र्यांना, झोपेत लघवी गळायचा त्रास होतो, हे आधी कोणी सांगत नाही.

यंदा विसर्जनाच्या रात्री गेटबाहेर सात कुत्र्यांची मारामारी चाललेली, दुसऱ्याच कुणावरून तरी. चिंगी कोणाच्या तरी ॲक्टिव्हाच्या सीटवर झोपलेली, ढोलाला एकदा कान हलवला फक्त.