पत्रांची तार सोडवण्याआधी हे वाचा

घराची वाटणी झाली, वाडा पाडायला काढला किंवा दिवाळीआधी माळा आवरला, की आमच्या दुकानात जुनी पोस्टकार्डे येऊ लागतात. बहुतेक वेळा ती अगदी नीटनेटकी होऊन येतात. धूळ झटकलेली, निवडलेली, रबरबँड लावून पिशवीत भरलेली. आणणाऱ्याने त्यात दोन-दोन रविवार घातलेले असतात. त्याला ‘एवढे करायला नको होते’ असे तोंडावर सांगणे जड जाते. म्हणून हे पत्रक छापले आहे. कार्डे घेऊन येण्याआधी पाच मिनिटे काढून वाचावे, ही विनंती.

सांगलीत आम्ही जुनी पोस्टकार्डे, चित्रकार्डे आणि घरगुती कागद विकत घेतो, विकतोही. पण आता आमचे निम्म्याहून अधिक काम वेगळे आहे. घरातल्या पत्रांची तारीखवार यादी करणे, दोन्ही बाजू स्कॅन करणे, मोडी मजकूर बालबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, उतरवणे आणि सगळ्याची बांधीव वही करून देणे. या कामात एकच चूक आम्हाला सगळ्यात महाग पडते. ती म्हणजे तारेवरून काढून आणलेली कार्डे.

तार म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. खाली लाकडी चकती, वर आकडा, ओटीवरच्या खुंटीला अडकवलेली. पत्र आले, वाचून झाले, की तारेत खोचले. त्या घरातल्या कोणालाही आपण दप्तर सांभाळतो आहोत असे वाटले नसेल, पण तारेने ते काम चोख केले. सगळ्यात जुने कार्ड खाली, सगळ्यात नवे वर, मध्ये एकाचीही अदलाबदल नाही. कार्डावर तारीख नसली, शिक्का पुसट असला, तरी खालचे कार्ड कधीचे आणि वरचे कधीचे हे कळले की मधल्याचा काळ हाती लागतो. तार सोडवून ‘आजोबांची वेगळी, आत्याची वेगळी’ अशी थप्पी लावली, की हा धागा संपला. मग जे काम दोन दिवसांत होते त्याला तीन आठवडे लागतात, आणि तरीही काही कार्डे अधांतरीच राहतात.

ही चूक मी स्वतः केली आहे. धंद्याच्या पहिल्या वर्षी हळदीच्या एका अडत्याच्या घरातून तीन तारा आल्या. मी उत्साहाने सगळी कार्डे सोडवली आणि पाठवणाऱ्यांच्या नावाने गठ्ठे बांधले. त्यात एक कार्ड होते: ‘पेव उघडले. माल कोरडा निघाला. भाव ठरला तोच ठेवावा. बाकी समक्ष.’ मिती नाही, शिक्का तेलाच्या डागाखाली. हरिपूरची पेवे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या दोन ओळींचे मोल कळेल. जमिनीखाली हळद वर्षानुवर्षे टिकवायची ती पद्धत, आणि २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यातली कितीतरी पेवे गेली. पेव उघडतानाचा हा शब्द कोणत्या सालचा, हे तारेवर असताना सहज कळले असते. माझ्या हाताने ते गेले. पुढे दोन महिने गंजाचे डाग जुळवत बसलो. तारेच्या भोकाभोवती गंजाचे कडे असते, ते शेजारच्या कार्डावरही उमटते. कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागली असेल तर तिचे भोक चार-पाच कार्डांतून सरळ आरपार जाते, त्यावरूनही क्रम लागतो. अशी बरीच कार्डे जागेवर बसली, पेवाचे मात्र बसले नाही. ते अजून आमच्याकडे साल न लावता ठेवलेले आहे.

‘मधोमध भोक आहे, आता काय किंमत?’ असे पुष्कळजण विचारतात. तिकिटांच्या संग्राहकाला भोक नको असते, हे खरे. गावाच्या इतिहासासाठी मात्र भोक असलेले कार्ड आम्हाला जास्त विश्वासाचे वाटते. ते कोणाच्या तरी ओटीवर टांगलेले होते, याची ती खूण आहे.

पत्त्याची बाजू फुकट घालवू नका

आपल्या भागातले कार्ड कधीचे हे ओळखायला मजकुरापेक्षा पत्ता अधिक कामाला येतो. एकाच गावाचा पत्ता घ्या. ‘मु. पो. तासगाव, जि. सातारा’ लिहिले असेल तर कार्ड बहुधा १९४९ च्या आधीचे. ‘जि. दक्षिण सातारा’ असेल तर ते १९४९ ते १९६० या अकरा वर्षांतले, कारण सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन आपला जिल्हा त्या नावाने झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. तरुण मंडळींना हे नाव ऐकूनही माहीत नसते. ती म्हणतात, पत्ता चुकलाय. चुकलेला नाही, तोच तर पुरावा आहे. ‘मु. आटपाडी, संस्थान औंध’ असेल तर संस्थाने विलीन झाली त्या १९४८ च्या आधी जावे लागते. सहा आकडी पिनकोड दिसला तर १९७२ नंतरचे, कारण पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाला. लोक सवयीने जुना पत्ता पुढेही लिहीत राहतात, म्हणून एका खुणेवर आम्ही साल लावत नाही. दोन खुणा जुळल्या तरच पेन्सिलने नोंद करतो.

छापील तिकीटही बोलते. आपल्याकडे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला सुरू झाले, पाव आण्याला, म्हणजे एका पैशाला. हा दर चाळीस वर्षांहून अधिक टिकला. १९२२ मध्ये तो अर्धा आणा झाला. घरात उरलेल्या जुन्या कार्डावर पाव आण्याचे तिकीट वरून डकवून पाठवलेली कार्डे आमच्या हातून गेली आहेत. अशा कार्डावर शिक्का नसला तरी ते त्या दरवाढीनंतरचे, एवढे कळते. ‘नये पैसे’ छापले असेल तर १९५७ नंतरचे. राणी व्हिक्टोरिया, मग एडवर्ड, मग पाचवा जॉर्ज, मग सहावा, हा चेहऱ्यांचा क्रम तर बऱ्याच जणांना पाठ असतो.

आतल्या मजकुरात बहुतेकदा शके आणि मिती असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. शके १८३३ चा आषाढ म्हणजे १९११. पौष-माघ-फाल्गुनात जानेवारी उजाडलेला असेल तर ७९ मिळवायचे. ही बेरीज घरी करायला हरकत नाही, पण उत्तर कार्डावर बॉलपेनने लिहू नका. तो ठसा मागच्या बाजूने उठतो आणि स्कॅनमध्ये दिसतो. ‘ही उर्दू आहे का?’ असे ज्या कार्डांबद्दल विचारले जाते, ती नव्वद टक्के वेळा मोडी असते.

म्हणून हात जोडून सांगतो, तिकीट कापून काढू नका. ‘राणीचे तिकीट आहे, लाखात जाईल’ असे कोणीतरी सांगितलेले असते आणि मुले कात्री लावतात. पाव आण्याची व्हिक्टोरियाची कार्डे प्रचंड संख्येने वापरली गेली, ती आजही बाजारात सहज मिळतात. कापलेल्या चौकोनाला तर कोणी विचारतही नाही. कार्डावर बहुधा दोन शिक्के असतात, टाकले तिथला आणि पोचले तिथला. दोन्हींतले अंतर मोजले की पत्र किती दिवसांनी पोचले ते कळते. कात्रीबरोबर यातला एक शिक्का हमखास जातो.

फाटका कोपरा

कोपरा फाटलेली कार्डे लोक बाजूला काढतात, कधी टाकूनही देतात. कृपा करून तसे करू नका. दुखवट्याच्या पत्राचा कोपरा फाडून पाठवण्याची रीत होती. पोस्टमनच्या हातात तसे कार्ड दिसले की घरातल्या बायकांना मजकूर ऐकण्याआधी बातमी कळायची. अशी पत्रे घरात ठेवत नसत, वाचून फाडून टाकत. त्यामुळे तारेवर एखादे राहून गेले असेल तर ते फार दुर्मीळ समजा. उलट, कोपऱ्याला हळद-कुंकवाचे बोट लागलेले असेल तर ते लग्नाचे, मुंजीचे. तो डाग ‘साफ’ करू नका. परवाच एका ताईंनी ओल्या कापसाने पुसलेले कार्ड आणले. कुंकू गेलेच, शिवाय त्याखालची कॉपिंग पेन्सिलची जांभळी अक्षरे पसरून सबंध ओळ गेली.

‘नुसता मजकूर आहे, चित्र नाही’ म्हणून कार्डे बाद करणाऱ्यांना एक सांगायचे आहे. महाबळेश्वर-पाचगणीची चित्रकार्डे भरपूर छापली गेली, कारण तिथे साहेब लोक आणि मुंबईचे पाहुणे येत. सांगलीचा गणपती किंवा १९२९ चा आयर्विन पूलही एखाद्या कार्डावर सापडतो. पण विटा, कवठे, शिराळा, पलूस यांच्या बाजाराचे चित्र काढायला कोण येणार होते? या गावांचा इतिहास एका पैशाच्या साध्या कार्डावरच आहे. पाऊस किती झाला, बैलजोडी कितीला बसली, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून नांगर आला की नाही, ओगलेवाडीच्या कंदिलाची काच फुटली तर दुसरी पाठवावी. ‘तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार’ आणि ‘कळावे, लोभ असावा’ यांच्यामध्ये जी सहा-सात ओळींची जागा उरते, त्यात हे सगळे आहे. आणि कार्ड उघडे, वाटेत कोणीही वाचणार, म्हणून जे लिहायचे टाळले त्यासाठी ‘बाकी समक्ष’. त्या दोन शब्दांपाशी मी अजूनही थांबतो.

घरच्या फोटोंचे आल्बमही एकदा उलटून पाहा. स्टुडिओवाले ‘पोस्टकार्ड साईज’ म्हणत तो फोटो खरोखरच पोस्टकार्डाच्या कागदावर काढलेला असे, मागे पत्त्याच्या रेघा आणि तिकिटाची चौकट छापलेली. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले तर कार्ड छापील. ठिपके नसतील आणि काळ्या भागावर आरशासारखी चंदेरी झाक असेल, तर तो बहुधा खरा फोटो. असा शाळेचा, वाड्याचा, मिरवणुकीचा फोटो त्या गावात एकच असू शकतो. आल्बममधून तो ओढून काढू नका, आल्बमच घेऊन या.

लॅमिनेशनबद्दल एकच वाक्य: ते परत काढता येत नाही. सेलोटेपही नको. २०१९ च्या पुरात भिजलेली कार्डे अजून घरात चिकटलेल्या गठ्ठ्याच्या रूपात असतील, तर नखाने सोडवू नका, उन्हातही टाकू नका. गठ्ठा आहे तसा टीपकागदात गुंडाळून आणा. काही सुटतात, काही नाही. आधी खात्री देत नाही.

आमच्या पद्धतीविषयी

दोन तक्रारी नेहमी येतात. पहिली, फोनवर फोटो पाठवला तर किंमत का सांगत नाही. एका बाजूच्या फोटोवरून कागद, शिक्का, क्रम काहीच कळत नाही. अंदाजे आकडा सांगितला की तोच धरून बसले जाते आणि पुढे दोघांनाही वाईट वाटते. दुसरी, निवडक दहा कार्डांचे काम का घेत नाही. घेतो, पण दर तारेमागे आहे, कार्डामागे नाही, म्हणून दहा कार्डे महाग पडतात. मुद्दाम तसे ठेवले आहे. कार्डामागे दर लावला तर लोक घरीच निवड करतात आणि उरलेली रद्दीत जातात. रद्दीत काय गेले ते आपल्याला कधीच कळत नाही.

विकायची घाई असेल तरी आम्ही आधी दोन्ही बाजू स्कॅन करून त्याची प्रत तुम्हाला देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. उद्या नातवंडांनी विचारले तर निदान मजकूर तरी घरात राहावा. घरगुती भांडणाची, कर्जाची, आजारपणाची कार्डे असली तर ती वहीत घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवायचे. आम्ही ती कोणाला दाखवत नाही.

येताना घरातले एखादे वडीलधारे माणूस बरोबर आणता आले तर फार बरे. ‘दादा’ म्हणजे नेमके कोण, ‘मळ्यातले’ म्हणजे कोणाकडचे, हे त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. त्यांना जिना चढवत नसेल तर तसे कळवा, आम्ही घरी येतो. सांगली, मिरज आणि कुपवाडपर्यंत येण्याचे काही घेत नाही.

तार आणायची ती पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी ठेवून, बाजूने कापडाचे बोळे देऊन. आकडा सरळ करायला जाऊ नका, गंजलेली तार तिथेच तुटते. कार्डे आधीच काढून झाली असतील तर आता पुन्हा लावत बसू नका. आहेत त्या गठ्ठ्यांत आणा आणि कोणी, कशी काढली ते सांगा, तेवढ्यानेही मदत होते. आणि तार तुटायलाच आली असेल तर साधा पांढरा सुती दोरा घ्या, सुईत ओवून खालच्या कार्डापासून वरपर्यंत त्याच भोकांतून तारेशेजारून न्या, दोन्ही टोकांना सैल गाठ मारा आणि खालच्या टोकाला एक बटण बांधा, म्हणजे खाली कुठले ते आम्हाला कळेल.