सुट्टे नव्हते म्हणून निघालेली नाणी: इंग्लंडच्या ट्रेड टोकनची पार्श्वभूमी

इंग्लंडची जुनी ट्रेड टोकन, म्हणजे दुकानदारांनी आणि कारखानदारांनी स्वतः काढलेली चिल्लर, जमवणारे लोक प्रामुख्याने तीन काळांबद्दल बोलतात, एक साधारण १६४८ ते १६७२, दुसरा १७८७ ते १७९७ आणि तिसरा १८११ ते १८१७. नवीन माणूस विचारतो की मधल्या काळात काय झालं, तर मधल्या काळात सरकारी चिल्लर कमीजास्त का होईना पण बाजारात होती. दुकानदारांची नाणी निघायला लागली की समजायचं टांकसाळ झोपलीय, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धा इतिहास कळतो.

मूळ भानगड अशी की लंडनच्या टॉवरमधल्या टांकसाळीच्या लेखी नाणं म्हणजे सोनं आणि चांदी, तांबं म्हणजे हलकं काम. पण चार फार्दिंगचा एक पेनी, बारा पेनीचा एक शिलिंग असा हिशोब असलेल्या देशात गरीब माणसाचा रोजचा व्यवहार फार्दिंग आणि हाफपेनीतच चालायचा, आणि चांदीचा फार्दिंग पाडायचा तर तो इतका बारीक होणार की खिशाच्या शिवणीतूनच निसटेल. मग लोक शिशाच्या चकत्या वापरायचे. १६१३ साली पहिल्या जेम्स राजाने यावर उपाय काढला, पण स्वतः काही केलं नाही, लॉर्ड हॅरिंग्टनला तांब्याचे फार्दिंग पाडायचा मक्ता देऊन टाकला. नाणी कागदासारखी पातळ, आतल्या तांब्याची किंमत नगण्य, आणि नफा मक्तेदार आणि राजाने वाटून घ्यायचा. पुढे हा मक्ता आणखी काही सरदारांकडे फिरला, लोकांनी सगळ्यांनाच शिव्या घातल्या, खोटी नाणी उदंड झाली आणि शेवटी १६४४ मध्ये यादवी युद्धाच्या धामधुमीत पार्लमेंटने तो प्रकार बंद पाडला.

१६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवलं आणि 'नाणं पाडायचा हक्क फक्त राजाचा' म्हणायला राजाच उरला नाही. त्याच सुमाराला किराणावाले, खानावळवाले, मेणबत्त्या विकणारे, बेकरीवाले, अगदी नगरपालिकासुद्धा स्वतःच्या नावाचे तांब्यापितळेचे फार्दिंग आणि हाफपेनी काढायला लागल्या. पुढच्या वीसपंचवीस वर्षांत दहा हजारांहून जास्त प्रकार निघाले, गोल तर होतेच पण चौकोनी, अष्टकोनी आणि बदामाच्या आकाराचे पण आहेत. एका बाजूला दुकानाची पाटी, म्हणजे साखरेची ढेप किंवा सिंह किंवा जलपरी, कारण घरांना नंबर नव्हते आणि बऱ्याच गिऱ्हाइकांना वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्या बाजूला तीन अक्षरं, वर आडनावाचं आणि खाली नवरा आणि बायको दोघांच्या नावाचं. मला ही तीन अक्षरंच सगळ्यात आवडतात. त्या काळच्या दुकानदाराच्या बायकोचं नाव चर्चच्या वहीबाहेर फारसं कुठे सापडत नाही, इथे मात्र धंद्याच्या नाण्यावर तिचं अक्षर नवऱ्याच्या शेजारी बरोबरीने बसलेलं असतं, आणि विधवांनी स्वतःच्या नावावर काढलेली टोकन पण आहेत.

कॉफी हाऊसवाल्यांनी तर त्यात जाहिरात पण उरकून घेतली. लंडनच्या एक्स्चेंज ॲलीमधल्या एका कॉफी हाऊसच्या टोकनवर तुर्की सुलतान मुरादचं पगडीवालं मुंडकं आणि 'मी जाईन तिथे जिंकलो' अशा अर्थाचा दोन ओळींचा यमक जुळवलेला मजकूर आहे, आणि आता कलेक्टर लोक त्यावर जीव टाकतात.

पण हे नाणं चालायचं कुठपर्यंत? त्या काळचा लेखक जॉन एव्हलिन याने १६९७ मध्ये लिहून ठेवलंय की ही टोकन शेजारपाजारी चालायची, एकदोन गल्ल्यांच्या पलीकडे क्वचितच जायची. दुकानदार वेगवेगळ्या कप्प्यांची पेटी ठेवायचे, ज्याची टोकन जास्त साठली त्याच्याकडे ती घेऊन जायचं आणि चांदी मागायची. सगळा व्यवहार ओळखीवर! शेवटी १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने ब्रिटानियाचं, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं, चित्र असलेले तांब्याचे सरकारी हाफपेनी आणि फार्दिंग काढले आणि खाजगी टोकनवर बंदीचं फर्मान सोडलं.

पुढची शंभर वर्षं सरकारी तांबं येत राहिलं, कधी भरपूर तर कधी वर्षानुवर्षं काहीच नाही. खरी बोंब झाली ती तिसऱ्या जॉर्जच्या काळात. १७७५ नंतर टांकसाळीने तांबं पाडणंच बंद केलं, आणि नेमकी तेव्हाच बर्मिंगहॅम, मँचेस्टरकडे कारखाने वाढत होते, म्हणजे शनिवारी शेकडो कामगारांना पगार द्यायचा आणि द्यायला सुट्टे नाहीत. जे होते त्यात बहुतेक बनावट, १७८७ मध्ये टांकसाळीनेच चाळून बघितलं तर चलनातल्या हाफपेनींपैकी जेमतेम ८ टक्के राजाच्या नाण्यासारखे दिसत होते म्हणे. बनावट नाणं पाडणारे पण महावस्ताद, कायद्यातून सुटायला ते मुद्दाम नाण्यावर भलताच मजकूर घालायचे, 'जॉर्जियस रेक्स'च्या जागी 'जॉर्ज रूल्स', 'ब्रिटानिया'च्या जागी 'ब्रिटन्स आइल्स'. घाईत बघणाऱ्याला फरक कळत नाही, आणि कोर्टात म्हणता येतं की साहेब, हे राजाचं नाणं नाहीच. यांना 'इव्हेजन' म्हणतात आणि यांचा वेगळा शौक असलेले लोक आहेत, मी त्यातला नाही पण समजू शकतो.

कोंडी फोडली ती वेल्समधल्या अँगल्सी बेटावरच्या तांब्याच्या खाणीने. पॅरिस माइन कंपनी, म्हणजे त्या पॅरिस शहराशी काही संबंध नाही, डोंगराचं नाव पॅरिस. तिचा सूत्रधार थॉमस विल्यम्स हा मूळचा वकील. १७८७ मध्ये कंपनीने स्वतःच्या तांब्याचे पेनी काढले, एका बाजूला टोपडं घातलेला दाढीवाला ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्ट लोकांचा पुजारी, भोवती ओकच्या पानांची माळ, वजन जवळजवळ एक औंस, म्हणजे खरोखर किमतीचं तांबं आत होतं, आणि नाण्याच्या काठावर वचन की लंडन, लिव्हरपूल किंवा अँगल्सीत आणा, पैसे देतो. राजाच्या हाफपेनीवर असलं कुठलं वचन नव्हतं! त्याच वर्षी लोखंडाचा कारखानदार जॉन विल्किन्सनने तर राजाच्या जागी स्वतःचाच चेहरा छापला, त्याची टिंगल झाली पण नाणं चाललं, आणि इतकं चाललं की लोकांनी त्याची पण बनावट काढली.

पुढच्या पाचसहा वर्षांत गावोगाव टोकन झाली. कॉव्हेंट्रीच्या १७९२च्या हाफपेनीवर घोड्यावर बसलेली तिथल्या दंतकथेतली लेडी गोडायव्हा, लंडनच्या पिडकॉकच्या प्राणीसंग्रहालयाच्या टोकनवर हत्ती आणि दोन डोक्यांची गाय, गुलामगिरीविरुद्धच्या टोकनवर बेड्या घातलेला गुडघे टेकलेला माणूस. आणि इथेच गंमत बिघडली, की रंगली म्हणू? लोक ही टोकन खर्च करायच्या ऐवजी जमवायला लागले. मग बर्मिंगहॅमचा केम्पसन इमारतींची सीरिज काढतोय, लंडनचा स्किडमोर पण तेच करतोय, आणि ह्याची समोरची बाजू त्याच्या मागच्या बाजूला जोडून नवीन 'दुर्मीळ' टोकन तयार होतंय, ज्याला कलेक्टर खेचर म्हणतात. थॉमस स्पेन्स नावाचा जहाल माणूस, जमीन सगळ्यांच्या मालकीची असावी म्हणणारा, १७९४ मध्ये सरकारने त्याला काही महिने तुरुंगात पण टाकलं होतं, त्याने हाच रस्ता प्रचाराला वापरला. 'भाडं' आणि 'कर' अशी ओझी पाठीवर घेतलेलं गाढव, किंवा गुलामांमध्ये राहूनही मी स्वतंत्र आहे म्हणणारं मांजर, असल्या चित्रांची त्याची टोकन आहेत, पण खेचरं काढण्यात तो पण मागे नव्हता, पोट सगळ्यांनाच असतं. इप्सविचच्या जेम्स काँडर नावाच्या कापडवाल्याने १७९८ मध्ये या सगळ्याचा कॅटलॉग काढला, म्हणून अमेरिकन लोक या टोकनला आजही 'काँडर टोकन' म्हणतात. माझं मत विचाराल तर अठराव्या शतकातलं एखादं टोकन सव्वादोनशे वर्षांनंतरही तांबूस चमकत असेल तर आधी शंका घ्यावी, ते बहुतेक बाजारात गेलंच नाही, नाणं पाडायच्या ठशाखालून थेट कुणाच्या तरी कपाटात गेलं. मला झिजलेलं आवडतं, पण लिलावात माझ्यासारखे लोक कमी असतात.

या लाटेवर पडदा टाकला बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने. तिथल्या सोहो भागातल्या कारखान्यात त्याने वाफेवर चालणारी नाणी पाडायची यंत्रं बसवली होती आणि सरकारी कंत्राटासाठी कित्येक वर्षं खेटे घातले. कंत्राट मिळेपर्यंत तो इतरांची नाणी पाडत होता, त्यात ईस्ट इंडिया कंपनीची मुंबई इलाख्यासाठीची १७९१ची तांब्याची नाणी पण आहेत, एका बाजूला कंपनीचं बदामासारखं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला तराजू आणि फारसीत 'आदिल'. म्हणजे ड्रुइडच्या नाण्याचं आणि आपल्याकडच्या या तराजूवाल्या पैशाचं घराणं तसं जवळचंच. १७९७ मध्ये अखेर बोल्टनला काम मिळालं आणि त्याने एक औंसाचा पेनी आणि दोन औंसाचा टूपेन्स काढला, लोकांनी नाव ठेवलं गाडीचं चाक, कारण आकार मोठा आणि कड रुंद, उंच.

तिसरी लाट नेपोलियनच्या युद्धातली. तांबं महाग झालं, चाकं वितळवली गेली, चांदी तर आधीपासूनच गायब. १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने स्पॅनिश डॉलरवर जॉर्जचा छोटासा शिक्का मारून ते चालवून बघितले, तेव्हा लोक म्हणाले की गाढवाच्या मानेवर मूर्खाचं डोकं छापलंय. १८११ पासून परत टोकन सुरू, यावेळी चांदीची पण, आणि शेफील्ड, बर्मिंगहॅमच्या गरीबखान्यांची पेनी टोकन फार मोठ्या प्रमाणात. १८१६ मध्ये नवी चांदीची नाणी पाडायला घेतली आणि १८१७ च्या कायद्याने खाजगी टोकन बंद केली, फक्त त्या दोन गावांच्या गरीबखान्यांना थोडी मुदतवाढ दिली, कारण ती एकदम रद्द केली असती तर नुकसान नेमकं गरिबांचंच झालं असतं.

तरी किरकोळ प्रकार चालूच राहिले. केंट आणि ससेक्समध्ये हॉपची, म्हणजे बिअरमध्ये घालायची, फुलं तोडणाऱ्या मजुरांना शेतकरी शिशाची टोकन द्यायचे, शिंप्यांनी आणि चहावाल्यांनी फार्दिंगच्या आकाराच्या जाहिराती काढल्या, पबवाल्यांचे बिल्ले आले, सहकारी दुकानांचे डिव्हिडंडचे, म्हणजे नफ्यातल्या वाट्याचे, बिल्ले आले. नवीन जमवणाऱ्याने खरं तर इथूनच सुरुवात करावी, स्वस्त असतात आणि त्यांच्या मागे कोणी खेचरं काढत बसलेलं नव्हतं.