ललित लेख आणि व्यावसायिक ब्लॉग: नाशिकच्या द्राक्षांवर दोन्ही कसे लिहायचे

दोन्ही प्रकार हजारेक शब्दांत बसतात, दोन्ही ‘मी’च्या तोंडून लिहिता येतात आणि दोन्हींत लेखकाचा आवाज ऐकू यावा लागतो. त्यामुळे पुरवण्यांत आणि दिवाळी अंकांत मुरलेल्या लेखकाला वाटतं, ब्लॉग म्हणजे आपलंच लेखन, फक्त मोबाइलवर वाचलं जाणारं. मग एखादं रिसॉर्ट किंवा ट्रॅव्हल कंपनी पहिलं काम देते आणि लेख परत येतो: “छान लिहिलंय, पण आम्हाला असं नको होतं.” इथे भाषा कमी पडलेली नसते. वाचक कुठून आला, याचा विचार झालेला नसतो.

ललित लेखाचा वाचक अंक उघडून निवांत बसलेला असतो. तुम्ही न्याल तिकडे यायला तो तयार असतो. ब्लॉगचा वाचक प्रश्न टाइप करून आलेला असतो, आणि बाकीचे निकाल त्याच्या अंगठ्यापासून एका स्पर्शावर असतात. पहिल्याची उत्सुकता ताणली तर मजा वाढते. दुसऱ्याची ताणली तर तो निघून जातो.

एकच विषय घेऊ: द्राक्षं. ललित लेखाची सुरुवात अशी होऊ शकते:

“ऑक्टोबर छाटणी उरकली की बाग बोडकी दिसते. काड्यांचे भारे बांधावर पडलेले, आणि मालकाची नजर आभाळात.”

ब्लॉगची अशी:

“नाशिकमध्ये घडांनी लगडलेल्या बागा पाहायच्या असतील तर जानेवारीअखेर ते मार्च हा काळ धरा. ऑक्टोबर छाटणीनंतर घड तयार व्हायला साधारण चार महिने लागतात. मे महिन्यात गेलात तर खरड छाटणीनंतरची नवी फूट दिसेल, द्राक्षं नाहीत.”

छाटणी दोन्हीकडे आहे. मालक आभाळात का पाहतो, हे ललित लेखात सांगितलं की ती ओळ मेली. ब्लॉगमध्ये ते सांगावंच लागतं: फुलोऱ्याच्या सुमारास पाऊस आला तर डावणी हा बुरशीचा रोग पडतो, पिकलेल्या घडांवर आला तर मणी तडकतात, आणि म्हणून हंगामाच्या तारखा दरवर्षी मागेपुढे होतात. बाग पाहायला निघालेल्या माणसाला यातला शेवटचा भाग हवा असतो. तरीही कारण लिहायचं, कारण त्यामुळेच त्याचा तुमच्या तारखांवर विश्वास बसतो.

शीर्षकात चूक सर्वांत लवकर उघडी पडते. ‘हिरव्या मण्यांचे दिवस’ हे अंकाच्या अनुक्रमणिकेत शोभतं, पण हे शब्द कोणी शोधत नाही. ‘नाशिकच्या द्राक्षबागा कधी पाहाव्यात? हंगाम, अंतर, खर्च’ हे रूक्ष वाटेल, पण सापडेल. लांब शीर्षक शोधनिकालात शेवटी कापलं जातं, म्हणून गावाचं नाव आणि विषय सुरुवातीलाच हवेत.

पानाच्या पत्त्याची, म्हणजे यूआरएलची, गोष्ट ललित लेखकाच्या गावीही नसते. देवनागरी पत्ता कॉपी केला की बहुतेक ठिकाणी त्यातलं प्रत्येक अक्षरचिन्ह टक्केचिन्हांच्या संकेतात बदलतं आणि 9 चिन्हं व्यापतं. म्हणजे नुसता ‘नाशिक’ हा शब्द (न, काना, श, वेलांटी, क) 45 चिन्हांचा होतो. असा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर तो फसवा वाटतो. पत्ता रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांचा ठेवावा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवला तर पडद्यावर निरर्थक चिन्हं उमटतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावी.

लिहिण्याचा क्रमही उलटा होतो. ललित लेख एखाद्या वाक्यापासून सुरू होऊन स्वतःची वाट शोधतो. ब्लॉगसाठी आधी प्रश्न एका ओळीत लिहा. तोच प्रश्न स्वतः शोधून पाहा आणि वरच्या चार-पाच लेखांत काय राहिलंय ते टिपा; तुमच्या लेखाची जागा तिथे आहे. मग उपशीर्षकं, मग पहिल्या दोन-तीन वाक्यांत उत्तर, आणि तपशील त्यानंतर. परिच्छेद तीन-चार वाक्यांचे ठेवा, मोबाइलवर तेवढेच बरे दिसतात. दर आणि वेळा लिहिल्या तर कोणत्या महिन्यात तपासल्या तेही लिहा. अंकातला लेख छापून झाला की संपतो. ब्लॉग हंगामापूर्वी दरवर्षी उघडून दुरुस्त करावा लागतो आणि त्या कामाचे पैसे आधीच ठरवावे लागतात.

उलट टोकाची चूकही होते. ‘व्यावसायिक’ म्हटल्यावर काही जण सगळा रंग पुसून टाकतात आणि माहितीपत्रक उरतं. निरीक्षण टाकून देण्याची गरज नाही, ते कामाला लावायचं असतं. 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यावर नाशिकबाहेर बसून लिहिलेल्या मजकुरात रामकुंड आणि कुशावर्त यांची सरमिसळ होऊ शकते. वैष्णव आखाड्यांचं स्नान नाशिकला रामकुंडावर होतं, शैव आखाड्यांचं सुमारे 30 किलोमीटरवर त्र्यंबकेश्वरला कुशावर्तात. हा फरक स्पष्ट लिहिला तर वाचक मुक्काम योग्य गावी धरेल. रामकुंडाच्या पायऱ्यांवरच्या पहाटेच्या गारठ्याबद्दल एक वाक्य यावं. तीन आली की पुन्हा ललित सुरू झालं.

नाशिकमध्ये वाइनरीचं काम घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 नुसार मद्य घेण्याचं आवाहन करणारी जाहिरात किंवा मजकूर प्रसिद्ध करायला मनाई आहे. स्वतःच्या ललित लेखात पात्राने पेला उचलला तर ते कथन ठरतं. कंपनीच्या पैशाने लिहिलेल्या लेखात “एकदा चाखाच” हे वाक्य आवाहन ठरू शकतं. बाग, वेलींच्या जाती, रस आंबवण्याची प्रक्रिया, भेटीच्या वेळा यांवर भर द्यावा. स्वतःच्या ब्लॉगवर लिहिताना मुक्काम किंवा जेवण फुकट मिळालं असेल तर ते लेखाच्या वरच्या भागातच सांगावं. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलच्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांना हेच अपेक्षित आहे.

राहिला हक्काचा प्रश्न. दिवाळी अंकाला लेख दिला तरी तो तुमचाच राहतो, पुढे संग्रहात घेता येतो, अशी आपली सवय. ब्लॉगच्या कामात कंपनी बहुधा संपूर्ण हक्क मागते. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार हक्क सोपवायचे तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पगारी नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक मात्र, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाराच असतो. म्हणून सही करण्यापूर्वी करारात मुदत, लेखाखाली तुमचं नाव येणार की नाही, आणि किती वेळा दुरुस्त्या करून द्यायच्या, हे तीन मुद्दे शोधावेत. दुरुस्त्यांची संख्या लिहिलेली नसेल तर दोन लिहून घ्याव्यात.